विसाव्या दिवसानंतर विष्ठेत दाणे, ओली गादी आणि थांबलेलं वजन: दर बॅचला तेच का होतं?

ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, पिल्लं चांगली येतात. पहिला आठवडा नीट जातो, सातव्या दिवशी वजन आल्या दिवसाच्या चार-साडेचार पट भरतं, चौदाव्या दिवसापर्यंत तक्रारीला जागा नसते. मग १८ ते २४ दिवसांच्या मध्ये कधीतरी सकाळी शेडचं दार उघडल्यावर वास बदललेला जाणवतो. विष्ठेत मक्याचे पिवळे कण जसेच्या तसे पडलेले असतात, कुठे नारंगी चिकट शेंबडासारखं काहीतरी दिसतं, पाणी पिण्याच्या निपलच्या रांगेखालचं गादीचं तूस काळपट होऊन पायाला चिकटतं. मर फारशी नसते, म्हणून आठवडाभर कुणी गंभीरपणे घेत नाही. लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलण्याच्या, दिवशी मात्र एकाच शेडमधून दीड किलोचा आणि अडीच किलोचा पक्षी शेजारी शेजारी निघतो आणि एफसीआर (एक किलो वजनवाढीमागे लागलेलं खाद्य) १.६ च्या जागी १.८ लागतो.

दुकानात जाऊन ‘फीड पॅसेज होतंय’ (खाद्य न पचताच बाहेर पडतंय) म्हणालात की समोर बाटल्यांची रांग लागते. प्रोबायोटिक, ॲसिडिफायर, एन्झाइम, लिव्हर टॉनिक, हर्बल काहीतरी. दोन-तीन दिवस बरं वाटतं. पुढच्या बॅचला पुन्हा विसावा दिवस आणि पुन्हा तेच. गादीवर ब्रॉयलर वाढवणाऱ्यांना, मग ते कंपनीच्या करारावर असोत की स्वतःचं खाद्य दळणारे, ही तक्रार नेमकी कुठून सोडवायला घ्यायची ते इथे सांगतो.

माझं मत आधीच स्पष्ट करतो. आतड्यासाठीची पूरकं उपयोगाची आहेत, मी ती वापरायला सांगतो. पण दर बॅचला एकाच वयात येणारा त्रास पूरक कमी पडल्यामुळे येत नाही. त्यामागे पाणी, खाद्य, गादी किंवा कॉक्सी (आतड्यात वाढणारा एकपेशीय परजीवी) यांपैकी एक ठरलेलं कारण असतं, पुष्कळदा दोन एकत्र असतात. ते सापडलं की कोणतं पूरक घ्यायचं हे आपोआप कळतं. ते न शोधता घातलेला प्रत्येक डोस म्हणजे तुमच्या कष्टाचे पैसे तुसावर ओतणं आहे, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी त्रासाची तारीख आणि वय काढा

मागच्या तीन-चार बॅचेसच्या वह्या काढा. विष्ठा पातळ झाल्याचं, औषध सुरू केल्याचं वय शोधा. त्या एका आकड्यावरून निम्मी दिशा ठरते.

पहिल्याच आठवड्यात बुड चिकटत असेल, विष्ठा पातळ असेल तर ब्रूडिंगकडे, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या व्यवस्थेकडे, बघा. थंड तूस, उशिरा मिळालेलं पाणी, पहिल्या दिवशी चाललेलं जास्तीचं गूळपाणी. पिल्लू आल्यावर २४ तासांनी शंभर पिल्लांचे खाद्यकोश चाचपून बघा, किमान ९५ भरलेले आणि मऊ लागले पाहिजेत. आतड्याच्या आतले केसासारखे अंकुर, जे अन्न शोषून घेतात, ते पहिल्या आठवड्यात सगळ्यात वेगाने वाढतात. तेव्हा उपाशी राहिलेल्या पिल्लाचं आतडं पुढे कोणत्याही पावडरीने पूर्ण भरून निघत नाही.

दहाव्या-बाराव्या दिवसाला त्रास सुरू झाला तर प्री-स्टार्टर खाद्यावरून स्टार्टर खाद्यावर कसे गेलात ते आठवा. एका दिवसात गोणी बदलली की विष्ठा बिघडते. दोन दिवस निम्मं-निम्मं मिसळून द्या. गमबोरो या विषाणूजन्य रोगाची लस १२-१४ दिवसांना होते. त्यातली तीव्र लस प्रतिकारशक्ती थोडे दिवस खाली आणते आणि नेमकं त्यानंतर काही दिवसांनी कॉक्सी आणि ई. कोलाय जंतू डोकं वर काढतात.

अठरा ते चोवीस दिवसांचा त्रास म्हणजे पहिला संशय कॉक्सीवर. याला कारण आहे. कॉक्सीचं एक चक्र ४ ते ७ दिवसांत पूर्ण होतं. पिल्लं पहिल्या आठवड्यात गादीतून थोडी अंडी टिपतात, त्यातून पुष्कळ पटीने अंडी विष्ठेत पडतात, ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती पुन्हा रोग द्यायला तयार होतात. तिसरं चक्र भरतं तेव्हा पक्षी बरोबर तीन आठवड्यांचा झालेला असतो. त्याच सुमाराला स्टार्टरचं फिनिशर होतं, त्यामुळे दोष नेहमी नव्या गोणीवर जातो. कधी तो खराही असतो.

तुमच्याकडे वेगवेगळ्या वयाची दोन शेड असतील तर निदान फार सोपं होतं. १२ दिवसांच्या आणि २६ दिवसांच्या पक्ष्यांची विष्ठा एकाच दिवशी बिघडली तर कारण वयाशी जोडलेलं नाही. त्या दिवशी कोणत्या गोणी उघडल्या, टाकीत काय पडलं, ऊन किती होतं, हे विचारा.

विष्ठा नीट बघा

रात्री शेडमध्ये पाच-सहा ठिकाणी जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि पहाटे उचला. तुसावर पाणी शोषलं जातं आणि खरं चित्र दिसत नाही, कागदावर दिसतं.

चांगली विष्ठा घट्ट असते, वर पांढरी टोपी असते. मधूनच चॉकलेटी रंगाची, चिकट, वास मारणारी विष्ठा दिसते. ती शेवटाकडच्या दोन आंधळ्या आतड्यांतून येते आणि अगदी निरोगी पक्षीही दिवसातून एक-दोनदा ती टाकतो. नवखे लोक याच विष्ठेला घाबरून औषध सुरू करतात.

मधला गोळा घट्ट पण भोवती पाण्याचं वर्तुळ असेल तर आतडं बहुतेक ठीक आहे, पक्षी पाणी जास्त पितो आहे. उन्हाळ्यात हे होणारच. साधारण हवेत पक्षी एक किलो खाद्यामागे पावणेदोन ते दोन लिटर पाणी पितो, पारा ३५ अंशांच्या वर गेला की ते प्रमाण फार वाढतं. ऊन नसताना असं दिसलं तर खाद्यातलं मीठ आणि पाण्यातला क्षार तपासायचा. इथे प्रोबायोटिकचा काही संबंध नाही.

गोळाच सैल, त्यात दाण्याचे कण, सगळं एकजीव पातळ असेल तर पचन किंवा शोषण बिघडलं आहे. नारंगी चिकट पदार्थ म्हणजे आतड्याचं अस्तर सुटून येतं आहे. कारण कॉक्सी किंवा क्लॉस्ट्रिडियम नावाचा जंतू. ताजं रक्त दिसलं तर आंधळ्या आतड्यांची कॉक्सी धरून चाला आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

पक्षी उघडून बघा

मेलेला पक्षी चार तासांनी उघडला तर आतडं कुजलेलं असतं आणि सगळंच रोगट दिसतं. म्हणून पशुवैद्यकाला बोलावून कळपातले तीन-चार जिवंत पण मागे पडलेले, पिसं विस्कटलेले पक्षी निवडा. शवविच्छेदन त्यांच्याकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहून बघा, फोटो काढा, पुढच्या बॅचला तुलना करता येते.

गिझर्ड (दाणा भरडणारं स्नायूचं जठर) लहान, मऊ आणि त्याच्या आधीचं जठर फुगून त्याच्याएवढं झालेलं असेल तर खाद्य पिठासारखं बारीक दळलं जातंय. गिझर्डला काम उरलं नाही की दाणा न भरडताच पुढे सरकतो. गिझर्डच्या आतलं पिवळं अस्तर फाटलेलं, काळपट व्रण पडलेलं असेल तर मोरचूद किती घालता ते विचारेन. बुरशीवर उपाय म्हणून पाण्यात, खाद्यात मोरचूद घालायची सवय अनेक ठिकाणी आहे आणि जास्त झालेला तांब्याचा अंश हेच नुकसान करतो.

आतड्याच्या पहिल्या वळणावर, बाहेरूनही दिसणाऱ्या पांढऱ्या आडव्या रेघा ही ॲसर्व्ह्युलिना कॉक्सीची खूण. मधलं आतडं फुगलेलं, आत नारंगी चिकट स्राव आणि भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके असतील तर मॅक्झिमा. आंधळी आतडी रक्ताने किंवा रक्ताच्या गुठळ्यांनी भरलेली असतील तर टेनेला. गावातल्या चर्चेत फक्त टेनेलालाच कॉक्सी म्हणतात, कारण रक्त दिसतं. वजन आणि एफसीआर खाणाऱ्या खऱ्या चोर पहिल्या दोघी आहेत, त्यात विष्ठेत रक्त सहसा डोळ्यांना दिसतही नाही.

आतडं पातळ, फुग्यासारखं, आत वायू आणि घाण वास, उघडल्यावर अस्तर टर्किश टॉवेलसारखं खरखरीत दिसलं तर तो नेक्रोटिक एन्टरायटिस, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं काम. हा जंतू निरोगी पक्ष्यातही थोडा असतोच. कॉक्सीने अस्तराला जखमा केल्या, किंवा खाद्यात न पचलेली प्रथिनं जास्त झाली, म्हणजे निकृष्ट मासळी, कच्ची सोया पेंड, की त्याला खायला मिळतं आणि तो विष सोडतो. म्हणून कॉक्सी न आवरता नुसतं क्लॉस्ट्रिडियमवर औषध दिलं तर ते पुढच्या बॅचला परत येतं.

स्वादुपिंड सुजून मोठं दिसलं तर सोया पेंडीचा विचार करा. यकृत पिवळं, ठिसूळ असेल तर मक्यातल्या बुरशीचा. तीन पक्षी उघडले आणि आतडं स्वच्छ, पण पाय फिके, पिसं वेडीवाकडी, कळपातला एक भाग खुजाच राहिलेला असेल तर विषाणूचा प्रकार असू शकतो; तो पूरकांच्या आवाक्यातला नाही, नमुने प्रयोगशाळेत गेले पाहिजेत. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिवाय परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नमुना कसा, कशात आणि किती वेळात पोचवायचा हे आधी फोन करून विचारा.

पाणी: जिथे सगळ्यात कमी बघितलं जातं

खाद्याच्या दुप्पट पाणी पोटात जातं, तरी पाण्याची तपासणी वर्षानुवर्षं होत नाही. बोअरचं पाणी जड असतं, सामू (पीएच) ७.५ ते ८ च्या पुढे असतो. अशा पाण्यात ब्लीचिंग टाकूनही क्लोरीनचा जोर कमी पडतो, कारण सामू जितका जास्त तितकं क्लोरीन ढिलं. टाकी वरून स्वच्छ दिसते आणि पाइपच्या आत बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागतो. त्या थरात ई. कोलाय सुखाने राहतो. व्हिटॅमिन, गूळ, टॉनिक जे जे गोड तुम्ही पाण्यातून देता, त्यावर तो थर वाढतो. मग आतडं बिघडतं, त्यावर आणखी टॉनिक दिलं जातं.

रांगेच्या शेवटच्या निपलमधून पाणी बाटलीत घेऊन तपासायला द्या. टाकीतलं पाणी देऊन उपयोग नाही. क्लोरीनची पट्टीही शेवटच्या निपललाच बुडवायची. तिथे २ ते ३ पीपीएम दिसलं पाहिजे. हजार लिटरला १० ग्रॅम ताजं ब्लीचिंग हा सुरुवातीचा अंदाज आहे, मग पट्टी बघून कमी-जास्त करा. उघड्या पिशवीतल्या जुन्या ब्लीचिंगमध्ये जोर राहत नाही. शेड रिकामं असताना हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण पाइपमध्ये रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी जोराच्या पाण्याने पाइप फ्लश करा. बॅच सुरू असताना प्रत्येक गोड औषधानंतरही फ्लश करा.

दुसरी गोष्ट निपलची उंची आणि दाब. पक्ष्याने मान वर ताणून प्यायलं पाहिजे. निपल खाली राहिला की तो आडव्या चोचीने पितो आणि निम्मं पाणी तुसावर सांडतं. दाब जास्त असेल तरी तेच. चौथ्या आठवड्यात एका निपलमधून मिनिटाला साधारण ६० मिली पाणी यावं, मापट्यात धरून मोजा. निपलखालचा पट्टा ओला आणि फीडरखाली कोरडं असेल, तर ओल्या गादीचं कारण पक्ष्याच्या पोटात शोधू नका.

ही गादी ओली झाली की कॉक्सीच्या अंड्यांना हवी ती ओल मिळते, म्हणजे पाण्याची चूक काही दिवसांनी आतड्यात दिसते. मूठभर तूस दाबून बघा. मूठ उघडल्यावर ते हलकंसं धरून लगेच मोकळं झालं तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. दंताळ्याने रोज खालीवर करा, ओले गठ्ठे उचलून बाहेर टाका, पावसाळ्यातही वरच्या बाजूने पडदे थोडे उघडे ठेवून हवा खेळती ठेवा. पाऊस आत येईल म्हणून पडदे पूर्ण बंद करणं ही कोकण आणि मावळ पट्ट्यात दिसणारी सर्वांत महागडी सवय आहे.

खाद्य

करारावर पक्षी पाळणाऱ्याच्या हातात खाद्याचं सूत्र नसतं, पण पुरावा ठेवणं असतं. प्रत्येक गाडीच्या गोणीवरची चिठ्ठी, तारीख, बॅच क्रमांक वहीत चिकटवा आणि त्या गोणीतलं अर्धा किलो खाद्य कोरड्या डब्यात, लेबल लावून, लिफ्टिंग होईपर्यंत ठेवा. ‘खाद्य खराब होतं’ असं सुपरवायझरला नुसतं म्हणण्यापेक्षा ‘या क्रमांकाच्या गोण्या उघडल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही शेडमध्ये पॅसेज सुरू झाला, हा नमुना’ असं सांगितलं की बोलणं बदलतं.

स्वतः दळणाऱ्यांसाठी क्रम असा. आधी मका. दिवाळीच्या आगेमागे येणारा नवा मका ओला असतो. ओलावा १३ टक्क्यांच्या वर असलेला मका साठवलात तर पिवळी-हिरवी बुरशी येणार आणि अफलाटॉक्सिन तयार होणार. कोंबडीखाद्यात त्याची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम आहे, आणि दाणा डोळ्यांना चांगला दिसला तरी ती ओलांडलेली असू शकते. इथे टॉक्सिन बाइंडर खरोखर कामाचा आहे, पण कोणता ते बघा. मातीपासून बनलेले बाइंडर अफलाटॉक्सिन चांगलं धरतात, टी-२ सारख्या बुरशीच्या दुसऱ्या विषांवर त्यांचा जवळपास उपयोग नाही. चोचीच्या कडेला, जिभेवर पिवळट व्रण दिसले तर संशय टी-२ चा आणि उपाय तो मका बदलणं.

मग सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोया पेंड. कमी भाजलेल्या पेंडीत ट्रिप्सिनला अडवणारा घटक शिल्लक राहतो, प्रथिनं पचत नाहीत, स्वादुपिंड जास्त काम करून सुजतं आणि विष्ठा पातळ होते. युरिएजची चाचणी स्वस्त आहे, आकडा ०.०५ ते ०.२० मध्ये हवा. जास्त भाजलेल्या पेंडीत लायसिन जळून जातं; तेव्हा विष्ठा ठीक असते पण वजन वाढत नाही. लातूरच्या बाजारातून असो की जवळच्या मिलमधून, प्रत्येक नव्या लॉटची चाचणी करून घ्या. घरी फुल फॅट सोया भाजून घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की चाचणीशिवाय घालू नका, कारण कढईत वरचा दाणा करपतो आणि आतला कच्चा राहतो.

मिठाची बेरीज करा. खाद्यातलं मीठ, उन्हाळ्यात घातलेला सोडा, सुक्या मासळीतलं मीठ आणि बोअरच्या पाण्यातला क्षार, हे सगळं पक्ष्याच्या एकाच पोटात जातं. कोंड्याचा वास घ्या, राईस पॉलिश गरम दिवसांत फार लवकर खवट होतं. आणि दळताना थोडे जाड कण राहू द्या.

कॉक्सी आवरताना होणारे घोळ

ब्रॉयलरच्या बहुतेक खाद्यात कॉक्सीरोधक आधीच असतं. सॅलिनोमायसिनचं उदाहरण घ्या: टनाला साधारण ६० ग्रॅम शुद्ध औषध, म्हणजे १२ टक्क्यांच्या प्रीमिक्सचं अर्धा किलो. पक्ष्यांना बरं नाही म्हणून त्यावर स्वतः आणखी एक पाकीट घातलंत तर खाणं घटतं, पाय लुळे पडतात आणि वजन आणखी थांबतं. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, नॅरासिन खाद्यात असताना श्वसनाच्या त्रासावर टियाम्युलिन देणं. या जोडीने निरोगी पक्षी मरतात. औषध सुरू करण्याआधी खाद्यात काय आहे ते कंपनीला विचारून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. (याच कारणासाठी उरलेलं ब्रॉयलर खाद्य घोड्या-गाढवाला घालू नका, त्यांना मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अगदी थोड्या मात्रेतही जीवघेणं ठरतं.)

पाण्यातून ॲम्प्रोलियम देताना त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. ॲम्प्रोलियम कॉक्सीला बी-१ मिळू देत नाही, असंच त्याचं काम चालतं. वरून बी-१ ओतलं की औषध निकामी. कोर्स संपल्यावर व्हिटॅमिन द्या. एकच कॉक्सीरोधक वर्षभर चाललं तर कॉक्सी त्याला सरावते, म्हणून ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बॅचेसनुसार बदलत ठेवायचं. शेडमध्ये दोन बॅचेसच्या मध्ये नुसती फवारणी करून कॉक्सीची अंडी मरत नाहीत, नेहमीची जंतुनाशकं त्यांच्या कवचात शिरतच नाहीत. तूस पूर्ण बाहेर, धुणं, खडखडीत वाळवणं, मग फ्लेम गनने जमीन आणि भिंतीचा खालचा भाग भाजणं, आणि चुना. वाळवायला दिलेले दिवस वाया जात नाहीत.

आता पूरकं: कशासाठी कोणतं

कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, त्यानंतर पूरक आपला वाटा देतं.

प्रोबायोटिकचे, म्हणजे उपयोगी जंतूंचे, दोन मोठे गट ध्यानात ठेवा. बॅसिलस सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस, कोॲग्युलन्स हे बीजाणू करून राहतात, पेलेट बनवताना ८०-८५ अंशांची वाफ सोसतात, म्हणून खाद्यात चालतात. यांच्या काही जाती क्लॉस्ट्रिडियमला रोखणारे पदार्थही तयार करतात. लॅक्टोबॅसिलस ती उष्णता सोसत नाही, तो पाण्यातूनच द्यायचा आणि ते पाणी क्लोरीन नसलेलं हवं. ब्लीचिंगच्या पाण्यात किंवा अँटिबायोटिकबरोबर दिलेलं प्रोबायोटिक मेलेलंच पोटात जातं. त्याची खरी जागा पहिले तीन दिवस, अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यानंतरचे दिवस आणि खाद्य बदलाचे दिवस.

ब्युटायरेटवर माझा भरवसा आहे, खासकरून कॉक्सी होऊन गेल्यानंतर. ब्युटायरिक आम्ल हे आतड्याच्या पेशींचं इंधन आहे, त्यावर अंकुर पुन्हा वाढतात. पण लेप दिलेलं घ्या. उघडं ब्युटायरेट वरच्या भागातच शोषलं जातं आणि जखम असते खाली.

यीस्टच्या भिंतीपासून मिळणारं एमओएस (एक प्रकारची साखर) वेगळ्या वाटेने काम करतं. ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या पृष्ठभागावरचे धागे आतड्याला चिकटण्याऐवजी या साखरेला चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. पाण्यात ई. कोलाय सापडलेल्या फार्मवर पाइप साफ केल्यानंतर हे घ्यावं. ॲसिडिफायरही तिथलाच, सामू ४ ते ४.५ पर्यंत आणायचा, त्याखाली पक्षी पाणी कमी पितात. लसीच्या आधी आणि नंतर एक-एक दिवस ॲसिड, क्लोरीन दोन्ही बंद.

एन्झाइमचा फायदा खाद्यात काय आहे त्यावर ठरतो. फायटेज जवळपास प्रत्येक सूत्रात असावं, किलोला ५०० युनिट हे नेहमीचं प्रमाण. गहू, पॉलिश, सूर्यफूल पेंड असेल तर झायलेनेजचा फरक दिसतो. स्वच्छ मका-सोया खाद्यात तो कमी दिसतो. कंपनीच्या खाद्यात एन्झाइम धरूनच सूत्र बांधलेलं असतं, त्यावर पाण्यातून आणखी एन्झाइम देण्यात मला अर्थ वाटत नाही. यकृत उघडून बघितलं आणि ते निरोगी असेल तर लिव्हर टॉनिकलाही हेच लागू.

हळद, लसूण, ओव्याच्या अर्कांना जंतूरोधक गुण आहेत, आणि थायमॉल, कार्व्हाक्रॉल असलेली तयार पूरकं बऱ्यापैकी काम करतात. घरची हळदपूड मात्र दर वेळी वेगळी असते, तिच्यावर पूर्ण बॅच सोपवू नका. ताकाबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यात लॅक्टिक आम्लाचे जंतू असतात हे खरं, पण दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कोंबडीकडे नाही. पातळ, आंबट ताक अधूनमधून चालतं; रोज भरपूर दिलंत तर विष्ठा त्यानेच पातळ होईल आणि निपल तुंबतील ते वेगळंच.

अँटिबायोटिकबद्दल एवढंच. कोलिस्टिन १९ जुलै २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने आपल्या देशात अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत बंद झालं आहे. माणसांत बाकी सगळी औषधं हरतात तेव्हा डॉक्टरांच्या हातात जी थोडी उरतात, त्यात ते मोडतं. कुणी अजून देऊ करत असेल तर घेऊ नका. वाढीसाठी म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालणं युरोपने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण थांबवलं आणि तिथे कोंबडीपालन चालू आहे, ते स्वच्छ पाणी, कोरडी गादी आणि याच पूरकांच्या आधाराने. जे अँटिबायोटिक पशुवैद्यक लिहून देतील, त्याचे विक्रीआधी थांबण्याचे दिवस लेबलवर असतात, ते पाळलेच पाहिजेत.

पूरक लागू पडलं का, ते कसं ओळखायचं

मागच्या बॅचशी तुलना करू नका. मागची बॅच वेगळ्या हवेत, वेगळ्या पिल्लांवर गेली. शेडच्या मधोमध जाळी लावा, एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्लं दोन्हीकडे सारखी सोडा, पूरक एकाच बाजूला द्या. पाण्यातून द्यायचं असेल तर त्या बाजूची टाकी वेगळी करा. बाकी काहीही बदलू नका. १४, २१, २८ आणि ३५ व्या दिवशी प्रत्येक बाजूच्या तीन जागांवरून मिळून किमान ५० पक्षी वजन करा. जे सहज हातात येतात ते मागे पडलेले असतात, म्हणून छोटं कुंपण घालून आत सापडलेले सगळे मोजा. सरासरीबरोबर प्रत्येकाचं वजन लिहा, म्हणजे कळप एकसारखा होतोय का ते कळेल. खाद्य दोन्हीकडे गोणीनिशी वेगळं नोंदवा. पंख्याच्या किंवा वाऱ्याच्या बाजूचे पक्षी तसेही बरे वाढतात, म्हणून पुढच्या बॅचला पूरकाची बाजू बदला.

दोन बॅचेसनंतर हिशेब साधा आहे. ५,००० पक्षी, सरासरी २.२ किलो, म्हणजे ११,००० किलो जिवंत वजन. एफसीआर ०.०५ ने सुधारला तर ५५० किलो खाद्य वाचलं, ५० किलोच्या ११ गोण्या. त्या ११ गोण्यांची किंमत आणि पूर्ण शेडला लागलेल्या पूरकाचं बिल शेजारी शेजारी लिहा. बिल जास्त निघालं तर ते पूरक बंद करा आणि ते पैसे पाण्याच्या तपासणीत घाला.